बाराकामी चाकू आणि थोरले जावई

"तो चाकू घरी ठेवा," धनश्री म्हणाली.

"कोणता चाकू?" बिभीषणने विचारलं.

केजच्या त्या घरात कांदे विळीवर चिरले जात आणि लिंबं दाताने फोडली जात. त्यामुळे चाकू म्हटलं की तो एकच, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरीही बिभीषणने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं पाहिलं, जणू चाकू तिथे टांगलेला असावा.

"शर्ट वर करा बरं," धनश्री म्हणाली.

शर्ट वर झाला. कमरेच्या पट्ट्याला रेक्झिनचं एक जाड पाकीट होतं आणि पाकिटात तो होता.

"अवो, धोंड्याचं जेवायला चाललोय आपण माझ्या माहेरी. दाजी येणार हायेत, तेबी तीन वर्षांनी. अन् तीन वर्षं त्यांनी चौसाळ्यात का पाय ठेवला न्हाई, त्याचं कारण तुमच्या कमरेला लटकलंय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, तीनेक वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई हा प्राणी एकदम देवाच्या पंगतीला जाऊन बसतो. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वर काहीतरी द्यायचं. गेल्या धोंड्यात धनश्रीच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, दोन्ही जावयांना विचारलं होतं की काय घेऊ. उमापूरचे थोरले जावई विजयसिंह म्हणाले अंगठी. बिभीषण कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. त्याने कुठल्याशा साहेबाच्या हातात पाती, कात्री, पक्कड असं सगळं एकातच असलेला चाकू पाहिला होता. तो लाजत लाजत म्हणाला, "तसला चाकू."

चाकू पुण्याहून आला आणि घात झाला तो डब्याने. अंगठीची डबी मुठीत मावेल एवढी आणि चाकूचा डबा मखमली अस्तराचा, हातभर लांब. भरल्या पंगतीत धाकट्यासमोर डबा आणि थोरल्यासमोर डबी आली. विजयसिंहांनी दोन्हींकडे एकदा पाहिलं. जेवले, पान खाल्लं, गाडीत बसले आणि त्यानंतर चौसाळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांची बायको वैष्णवी, धनश्रीची थोरली बहीण, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनलासुद्धा उभ्या उभ्या येऊन गेली.

यंदा कसेबसे ते येतो म्हणाले होते. चंद्रभागाबाईंनी धनश्रीला फोनवर सांगितलं होतं, "या खेपेला काय कमीजास्त झालं, तर माझ्या वैष्णवीचं माहेर कायमचं तुटलं समज."

"पाकिटातून बाहेर काढणार न्हाई," बिभीषणने शब्द दिला. तो दिला तेव्हा त्याचा हेतू अगदी स्वच्छ होता.

आता चाकू नेण्याचा त्याचा हट्ट का, हे सांगायला हवं. बिभीषण आईविना वाढलेला. लग्न झालं तेव्हा त्याची नोकरी आज आहे, उद्या नाही अशी होती. त्या दिवसांत चौसाळ्याहून ज्वारी यायची, डाळ यायची, लोणच्याची बरणी यायची आणि त्यावर चंद्रभागाबाईंनी कधी चकार शब्द काढला नाही. या माणसाला सासूचे उपकार फेडायची फार इच्छा होती. पण जावयाने त्या घरात फक्त घ्यायचं असतं. एकदा त्याने त्यांना लुगडं नेलं, तर परत येताना त्याच्या पिशवीत दोन शर्टपीस निघाले. मग त्याला एकच वाट उरली. दर खेपेला सासूबाईंच्या घरातलं काहीतरी दुरुस्त करायचं. मागे त्याने त्यांचा पंखा दुरुस्त केला. तेव्हापासून तो एकतर बंद असे, नाहीतर वादळासारखा फिरे. चंद्रभागाबाई त्याखाली शाल पांघरून बसत आणि आल्यागेल्याला सांगत, "आमच्या धाकट्या जावयानं नीट केला बरं."

चाकूचंही त्याने बरंच भलं केलं होतं. घरात सगळे त्याला बाराकामी म्हणत. बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्री आकड्याने बिभीषण परकराची नाडी ओवून देई. बारीक करवतीने तो गुळाची ढेप फोडायला गेला आणि ती मोडली, तेव्हा तिच्या जागी त्याने कंगव्याचा तुकडा बसवला. मोटरसायकलवरून उतरलं की केस नीट करायला बरा. सपाट पेचकस घासून घासून त्याने कान कोरायची काडी केली. पक्कडीच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, म्हणजे गरम पातेलं उचलताना हात भाजत नाही. मुठीच्या आत त्याने एक जबर लोहचुंबक चिकटवला होता. त्याचा उपयोग अजून सापडायचा होता, पण सापडेल याबद्दल त्याला शंका नव्हती.

चौसाळ्याला पोचल्यावर रात्री जेवताना चंद्रभागाबाई धनश्रीला म्हणाल्या, "सगळं झालं बघ. न्हाणीची कडी तेवढी बसत न्हाई. आमी आतून बादली लावतो. पण विजयसिंहरावांना बादली लावा म्हणायचं कसं?"

त्या धनश्रीला म्हणाल्या होत्या, पण बिभीषणचा घास तोंडाशी थांबला. धनश्रीने नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. तो मान खाली घालून भाकरी कुस्करू लागला.

सकाळी बायका पुरणाच्या गडबडीत शिरल्या आणि बिभीषण न्हाणीत शिरला. दरवाजा पत्र्याचा, चौकट लोखंडाची. कडीचा दांडा वाकडा झाला होता आणि त्याची मूठ चौकटीला अडत होती. त्याने मूठ दगडाने पाडली आणि बाराकामीच्या कानशीने जागा गुळगुळीत केली. दांडा सरळ केला. मग त्याला सुचलं की पाव्हण्याला कडी लावायचाही त्रास कशाला? दांड्यामागे त्याने जुन्या बॅटरीतली स्प्रिंग घातली. दार लोटलं की कडी आपोआप बसणार. उघडण्यासाठी दांड्याला त्याने तारेचा छोटा आकडा अडकवला. दार उघडं ठेवून, बाहेर उभं राहून त्याने कडी पुन्हापुन्हा सरकवून पाहिली. लोण्यासारखी चालत होती. आत जाऊन, दार लावून पाहावं असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. न्हाणी घासून पुसून थोरल्या जावयासाठी राखून ठेवली होती आणि तो स्वतः बोअरवर अंघोळ करून आला.

विजयसिंह आले ते पांढऱ्या गाडीतून. अंगावर इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावरही इस्त्री. सासरे आबासाहेब पुढे झाले, चंद्रभागाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. विजयसिंहांचा फोन वाजतच होता. उमापूरकडच्या राजकारणात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ज्याचं काही अडे, तो त्यांनाच फोन करी. त्यांनी फोन वैष्णवीच्या हातात दिला, ऊन लागलेलं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आधी हातपाय धुतो."

ते न्हाणीत गेले. दार लोटलं. 'टक्' असा आवाज झाला. ओसरीवर बसलेल्या बिभीषणला तो आवाज ऐकून कृतार्थ वाटलं.

थोड्या वेळाने 'टिंग' असा दुसरा आवाज आला. मग आतून हाक आली, "वैष्णवी!"

"काय वो?"

"हा आकडा माझ्या हातात आला."

बिभीषण उठून दाराशी गेला. "साडूभाऊ, आकडा कडीतून निघाला का?"

"मग काय बाजारातून आला?"

"दांडा बोटानं सरकतो का बघा."

"धरू कुठं? तासून ठेवलाय सगळा." आत दोनदा धडका बसल्या. पत्रा वाजला, पण दार आत उघडणारं होतं आणि आतून धडका मारून ते आणखीच घट्ट बसत होतं. "ही कडी कोणी बसवली?"

अंगणात सगळे एकमेकांकडे बघू लागले. धनश्रीचा चेहरा उतरला. चंद्रभागाबाई पिठाच्या हाताने पुढे आल्या आणि ठाम आवाजात म्हणाल्या, "जुनीच हाय, जावईबापू. आमचीच चूक झाली."

ज्या बाईचं सगळं पणाला लागलं होतं, ती त्याला पदराखाली घेत होती. "न्हाई मामी," तो म्हणाला, "साडूभाऊ, म्या बसवली. आजच."

आतून तारेचा आकडा फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

बिभीषणने शर्ट वर केला आणि बाराकामी बाहेर काढला. धनश्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दार आणि चौकट यांच्यामध्ये बारीक फट होती. तिच्यातून काहीतरी सपाट घालून दांडा मागे लोटला की काम झालं. असल्या कामाला पेचकसच हवा. बिभीषणने पेचकस उघडला आणि त्याच्या डोळ्यांसमोर कान कोरायची काडी आली. त्याने ती घातली. ती नागमोडी होऊन बाहेर आली. करवतीने दांडा कापता आला असता. त्याने करवतीचा खटका दाबला.

"हे काय आत आलं?" विजयसिंहांनी विचारलं.

"कंगवा हाय."

"मला भांग पाडायचा न्हाई!"

पक्कडीने दांड्याचं टोक धरायचा प्रयत्न केला, तर रबर घसरू लागलं. दर घसरणीबरोबर 'फुर्र' असा एक चमत्कारिक आवाज येई आणि आबासाहेब शरमेने दुसरीकडे बघत. शेवटी बिभीषणने मोठं पातं उघडून मुठीपर्यंत फटीत सारलं. पातं दांड्याला लागलं. त्याने जोर केला आणि त्याच वेळी मुठीतल्या लोहचुंबकाला आयुष्यात पहिल्यांदा काम मिळालं. मूठ पत्र्याला अशी चिकटली आणि पातं फटीत असं अडकलं की आता कडीही निघेना आणि चाकूही निघेना. लोहचुंबक खरोखर जबर होता.

"काय झालं?" आतून आवाज आला.

"चाकू अडकला."

"चाकू," विजयसिंह सावकाश म्हणाले. "म्हणजे तोच का? डब्यातला?"

"व्हय," बिभीषण म्हणाला. चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून घेतले.

हायवेवरचा वेल्डर बाळू बोलावल्यावर लगेच आला, पण हात हलवत. "आबा, लाईट गेली न्हवं का आत्ताच. ग्राइंडर कशावर चालवू? आता दुपार कलल्याबिगर येत न्हाई."

"पहार घालू का?" आबासाहेबांनी विचारलं.

"पहार आत आली तर मी कुठं जाऊ?" विजयसिंह ओरडले. न्हाणी अगदी जेमतेम होती. पहार परत गेली आणि बाळूही "लाईट आली की येतो" म्हणून गेला.

ऊन टळटळीत होतं. पंखे बंद. अंगणात सगळे घामाने निथळत होते. वैष्णवीच्या हातातला फोन मात्र थांबत नव्हता.

"साहेब हायेत का?"

"न्हाणीत हायेत."

पुन्हा तोच माणूस. "वहिनी, साहेब?"

"न्हाणीतच हायेत."

"अजून? तब्येत बरी हाय ना?"

कुणाला पाण्याचा टँकर हवा होता, कुणाची बदली अडली होती, कुणाच्या सुनेचा भाऊ भांडायला आला होता. वैष्णवी सगळ्यांना एकच उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तरागणिक तिचा आवाज बारीक होत होता. आज नवरा बाहेर आल्यावर काय होणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. धनश्रीने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. दोघी बहिणी पायरीवर बसल्या.

चूल विझली. धोंडे तयार, तूप तयार, पाट मांडलेले. पण जावई जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि चंद्रभागाबाईंना तर साखरेचा आजार. सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. वैष्णवी दाराशी जाऊन म्हणाली, "अवो, आईनं गोळीबी घेतली न्हाई. तुमच्या तोंडात घास गेल्याबिगर ती जेवत न्हाई म्हणती."

आतून बादली सरकल्याचा आवाज आला. मग, "मामी, तुमी जेवून घ्या बरं."

"तसं कसं, जावईबापू? तुमी आत अन् मी जेवू?"

"अवो, पण..."

"मी बसते इथंच. तुमी निघाल की जेवू," असं म्हणून चंद्रभागाबाई खरोखरच न्हाणीच्या दाराशी उन्हात बसल्या.

हे बिभीषणला बघवेना. तो न्हाणीभोवती चक्कर मारून आला. मागच्या बाजूला उंचावर एक झरोका होता, गज लावलेला. त्याने पाण्याचा रिकामा ड्रम ओढत आणला, पालथा घातला आणि म्हणाला, "मामी, धोंडा गजातून जातोय."

"न्हाणीत जेवायला घालू जावयाला?" चंद्रभागाबाई दचकल्या.

"मामी," आतून विजयसिंह म्हणाले, "न्हाणी लई स्वच्छ हाय. अन् मला भूक लागलीय."

मग जे झालं ते चौसाळ्यात अजून सांगतात. चंद्रभागाबाई ड्रमवर चढल्या. एका बाजूने आबासाहेबांनी, दुसऱ्या बाजूने बिभीषणने धरलं. आधी गजांतून हात घालून, आत वर केलेल्या कपाळाला अंदाजाने कुंकू लागलं. ते भुवईला लागलं, पण लागलं. निरांजन गजाबाहेरच फिरवलं.

"पाय धुवायचे राहिले की," आबासाहेब म्हणाले.

"मामा, मी आत आल्यापासून तेच करतोय."

धोंडे एकेक करून आत गेले. चंद्रभागाबाई तुपात बुडवून धोंडा झरोक्याशी नेत, आतून हात वर येई. दोन धोंड्यांनंतर हातही येईना, कारण बादली पालथी घालून विजयसिंह तिच्यावर उभे राहिले होते आणि सासूच्या हातूनच थेट घास घेत होते. अनारसेही गेले. आबासाहेबांनी यंदा दोन्ही जावयांचे डबे वीत लावून मोजून सारखे आणले होते. ते घाईघाईने थोरल्याचा डबा घेऊन आले, तर तो गजातून जाईना. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला.

"मामा, डबा राहू द्या बाहेर," भरल्या तोंडाने विजयसिंह म्हणाले. "अजून एक धोंडा द्या."

चंद्रभागाबाई खाली उतरल्या, गोळी घेतली आणि तिथेच भिंतीच्या सावलीत ताट घेऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या जेवतही होत्या. बिभीषणने त्यांच्या ताटात तूप वाढलं. आज तरी सासूला वाढायची पाळी आपल्यावर आली याचं त्याला त्या गोंधळातही फार बरं वाटलं.

जेवणं उरकली. आतून आवाज येईनासा झाला. वैष्णवीने दाराला कान लावला आणि घाबरून म्हणाली, "बोलत न्हाईत वो!"

सगळ्यांनी कान दिला. आतून संथ, खोल घोरणं ऐकू येत होतं. न्हाणीत शहाबादी फरशी होती, गार पाणी होतं, अंधार होता आणि फोन नव्हता.

दुपार कलली तेव्हा लाईट आली. बाळू ग्राइंडर घेऊन पळत आला, वायर जोडली, घर्रर्र आवाज झाला. आतून झोपेतला आवाज आला, "थांब की बे जरा! घाई कशाला करतो?"

बाळू थांबला. सगळे थांबले. बऱ्याच वेळाने आतून परवानगी आली आणि ठिणग्या उडाल्या. कडी कापली गेली, चाकूचं पातंही तिच्याबरोबर अर्धं गेलं. दार उघडलं.

विजयसिंह बाहेर आले. इस्त्री कुठल्या कुठे गेली होती. धोतराचा काठ ओला, भुवईवर कुंकू, मिशीला तूप. धनश्री खांबाला धरून उभी होती. वैष्णवीने फोन पाठीमागे लपवला. बिभीषणने मान खाली घातली आणि जे काय असेल ते एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून वाट पाहू लागला.

विजयसिंह सरळ चंद्रभागाबाईंकडे गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "मामी," ते म्हणाले, "आई गेल्यापास्नं मला कुणी हातानं घास भरवला न्हवता. मी तीन वर्षं आलो न्हाई. लई चुकलं माझं."

"असं काय बोलता वो," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "आलात, यातच सगळं पावलं."

"वैष्णवी राहील इथं आठ दिवस. तिला परत न्यायला मीच येतो." मग ते बिभीषणकडे वळले. "अन् तुमी, बिभीषणराव."

"साडूभाऊ, माफी असावी."

"माफीचं सोडा. उमापूरला कधी येताय?"

"कशाला?" बिभीषणने भीत भीत विचारलं.

विजयसिंहांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या न्हाणीला अशीच कडी बसवून द्या. पाच वर्षांत असा निवांत झोपलो न्हवतो बघा. फोन न्हाई, माणसं न्हाईत, टँकर न्हाई. फक्त तो तारेचा आकडा लावू नका. हाताशी असला म्हणजे माणूस ओढतोच."

बिभीषण त्यांच्याकडे बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दुरुस्तीला मागणी आली होती. धनश्रीने खाली पडलेला अर्धा चाकू उचलला, पदराने पुसला आणि गुमान नवऱ्याच्या हातात दिला.

वैष्णवीच्या हातातला फोन पुन्हा वाजू लागला होता. तिने तो न बघताच नवऱ्याच्या हातात ठेवला. विजयसिंह "हां, बोला" करत गाडीकडे गेले आणि ते पुरेसे लांब गेल्यावर ती बिभीषणजवळ आली.

"पाव्हणं, येणारच असाल तर दोन कड्या आणा," ती म्हणाली. "एक माझ्या खोलीला. अन् ती आधी बसवा."